भागाजी मामांनी निवडलेला किनारा

समुद्रात गुडघ्यांवर चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मुरूडजवळचा एक किनारा, दिवाळीची सुट्टी, दुपारचे बारा. पंचावन्नच्या पुढचा एक किडकिडीत माणूस शाळेच्या खाकी पँटसकट पाण्यात गुडघे टेकून पुढे सरकत होता. पाणी छातीशी आलं की थांबायचा, मागे वळून किनाऱ्याकडे पाहायचा आणि ओठ हलवत काहीतरी मोजायचा. होडी ओढणारे दोघे हसत होते. त्यातल्या एकाने विचारलं, "काय काका, नवस फेडताय का?"

"नवस नाय," भागाजी मामा म्हणाले, "पाचवीतल्या पोरीची उंची बघतोय."

मामा आमच्या शाळेचे शिपाई. शाळा आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या रस्त्याला. नाव लिहीत नाही, कारण जे घडलं त्यात शाळेचा दोष नाही. दोष माझा आहे. मी तिथे भूगोल शिकवत होतो आणि सहलप्रमुख होतो. सहा वर्षांपूर्वी मी एका कागदावर एक वाक्य लिहून दिलं, आणि त्या वाक्यामुळे या माणसाचं गावातलं नाव गेलं. ते वाक्य खोटं नव्हतं. त्यामुळे ते खोडायला मला कुणी सांगितलं नाही, आणि माझं मीही खोडलं नाही. आज सगळं लिहितो आहे. पण आधी मामांविषयी लिहू दे. माझ्याविषयी सांगण्यासारखं फार नाही.

शाळेची सहल दरवर्षी जानेवारीत कोकणात जायची. आमची पोरं पाण्याला नवखी नव्हती. विहीर, घोडनदी, डिंभ्याचा जलाशय, कालवा हे सगळं त्यांच्या पायाखालचं. समुद्र मात्र बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेला. मुरूडला मुक्काम, जंजिरा दाखवायचा आणि जवळच्या एखाद्या किनाऱ्यावर अर्धा दिवस. किनारा कोणता, हे मामा ठरवायचे. त्यांना तसं काम कुणी नेमून दिलं नव्हतं. दिवाळीची सुट्टी लागली की ते पिशवीत भाकरी-चटणी बांधून एसटीने एकटेच निघायचे आणि चार-पाच दिवस एकेका किनाऱ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून काढायचे. एका वर्षी मी हट्टाने बरोबर गेलो. गुडघ्यांवर चालणं पाहिलं ते तेव्हाच.

"मामा, दिवाळीत घर सोडून इकडे कशाला? पोस्टकार्ड टाकलं तरी माहिती मिळेल," मी म्हणालो.

"दिवाळीत घर लई मोठं व्हतं, सर."

शिनोलीतलं त्यांचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी मंगल लग्न होऊन जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या वारूळवाडीला गेलेली.

समुद्राशी त्यांची ओळख जुनी होती. नोकरी लागण्याआधी ते नारायणगावहून टोमॅटोच्या गाडीवर हमाल म्हणून कोकणात जायचे. माल उतरला की ड्रायव्हर झोपायचा आणि हे किनाऱ्यावर जाऊन बसायचे. तिथे मासळी सुकवणाऱ्या एका म्हातारीने त्यांना हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. म्हणजे या दिवसांत दुपारी बाराच्या सुमाराला पाणी ओसरलेलं, आणि भरतीही लहान. पुनवेला मात्र भरदुपारी भरती, तीही मोठी. मामांचा नियम पक्का होता. सहल अष्टमी-नवमीलाच. "पोरांच्या जेवायच्या वक्ताला समुद्र घरी गेलेला पायजे."

त्यावरून त्यांची टिंगल व्हायची. मामा बौद्ध वस्तीतले, देवधर्म न पाळणारे. आमचे क्लार्क मुद्दाम विचारायचे, "काय मामा, तुमी अन् तिथी बघता? मुहूर्त काढता का काय आता?"

"मुहूर्त नाय बघत, राव. पाणी बघतो. मुहूर्त तुमी बघा, तुमची तरी कुठं कामं व्हत्यात येळेवर?"

किनाऱ्यांची खरी नावं ते घेत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक 'सासू': दिसायला गोरीपान, वाळू पांढरीशुभ्र, पण चार पावलांवर एकदम खोल. एक 'आमदार': लांबून झकास, जवळ गेलं की हाताला काही लागत नाही, नुसता चिखल. एक 'मास्तर', कारण तिथल्या खडकांना कालवांचे धारदार शिंपले चिकटलेले, सारखे टोचायचे. हे नाव सांगताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत, पण बाकीचे सगळे बघायचे. आणि एक 'मावशी'. शंभर पावलं चाललं तरी पाणी गुडघ्याला, तळाची वाळू टाचेखाली घट्ट, मागे सुरूची सावली, गोड्या पाण्याची विहीर. आणि शेजारच्या घरातली बाई मुलींना कपडे बदलायला न्हाणीघर उघडून द्यायची. ही शेवटची गोष्ट त्यांच्या यादीत सगळ्यात वर होती. एकदा हेडसरांनी उंट आणि मोटरबोटी असलेल्या नावाजलेल्या किनाऱ्याचा आग्रह धरला. मामा म्हणाले, "जाऊ की सर. पोरींनी ओली कापडं कुठं बदलायची, तेवढं दाखवा." हेडसरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर पोरं पाण्याकडे धावायला लागली की मामा दोन्ही हात पसरून आडवे उभे राहायचे. आधी सगळ्यांनी वाळूत बसायचं. अर्धा तास नुसतं बघायचं. "पावणं हायत तुमी. पावण्यानं आल्या आल्या सैपाकघरात शिरू नये. आधी वळख करून घ्या." मग भरती-ओहोटी समजावायचे. वर्गात मी चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण असं फळ्यावर काढायचो आणि निम्मी पोरं खिडकीतून बाहेर बघायची. मामा म्हणायचे, "आपल्या कालव्याला महिन्या-दीड महिन्यानं पाणी सुटतं ना? तसं याला दिसातून दोनदा सुटतं. फरक एवढाच, हितं पाटकरी नाय. कुनी सांगायला येनार नाय, पानी सुटलं म्हनून." पोरांना ते कायमचं समजायचं.

मग काठ्यांना लाल चिंध्या बांधून ते हद्द आखायचे आणि त्या हद्दीवर स्वतः उभे राहायचे, समुद्राकडे पाठ आणि पोरांकडे तोंड करून. दोन-तीन तास. एक बाई एकदा म्हणाल्या, "मामा, जरा समुद्र बघा की. एवढ्या लांब आलात."

"त्याला बघायला मी दिवाळीत येतो, बाई. आज पोरं बघायचीत."

त्यांचं जन्मगाव धरणात गेलं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "पानी येतं तवा आवाज करत नाय, सर. आमी उंबऱ्यात बसून बोलत व्हतो. आय म्हनली, अरे, चुलीपाशी वल लागली. बास. एवढंच."

आता त्या वर्षाचं सांगतो.

सहल नवमीची ठरली होती. नेमका त्याच दिवशी माझ्या मेहुण्याचा पारगावला साखरपुडा निघाला. मी सहल काही दिवस पुढे ढकलली. हेडसरांना म्हणालो, गाड्या मिळत नाहीत. गाड्या मिळत होत्या. मामा तेव्हा वारूळवाडीला होते, मंगलचं बाळंतपण होतं. मी फोनवर सांगितलं, "मामा, बुधवारी निघतोय, मंचरला या." मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "हो हो, येतो, येतो. नात झाली, सर!" तिथीचं मीही बोललो नाही, त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

बुधवारी दिवसभर गाड्यांचा प्रवास. गाडीत मामा सगळ्यांना पेढे वाटत होते. संध्याकाळी मुरूडला पोचलो. मुलं अंगणात जेवायला बसली होती, मी कुंपणाच्या भिंतीशी उभा होतो. मामा आले. माझ्याकडे न बघता डोंगराकडे बघत राहिले. नारळीच्या वर चंद्र आला होता. पूर्ण.

"सर, पुनव हाय."

"हं."

"उद्या सकाळी मावशीकडं नको. उद्या ती मावशी नसनार. सकाळी जंजिरा करू, पोरांना जेवू घालू, अन् चारनंतर पान्याकडं नेऊ. तवर ओसरंल."

त्यांचं बरोबर होतं. ते बरोबर आहे हे मला माहीत होतं. भरती-ओहोटीचा धडा मी वीस वर्षं शिकवत होतो. पण किनाऱ्यावरच्या घरी दुपारच्या जेवणाचं सांगून झालं होतं, वेळापत्रक पालकांना छापून दिलं होतं. आणि ते बदललं असतं तर तारीख का बदलली, हा प्रश्न निघाला असता. मी म्हणालो, "मामा, भूगोल मी शिकवतो."

ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. कुणाच्या देखत मिरवायचं म्हणून बोललो असतो, तर निदान तेवढं तरी कारण सांगता आलं असतं.

मामा "बरं" म्हणाले आणि पोरांना भात वाढायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही किनाऱ्यावर होतो. मामांनी त्या दिवशी लाल चिंध्या नेहमीच्या निम्म्या अंतरावर लावल्या. पोरं कुरकुरली. पाण्यात पुढे वाळूचा एक लांब उंचवटा उघडा होता, आणि तिथे जाऊन फोटो काढायची टूम मीच काढली. मामा दुसऱ्या टोकाला पाचवीच्या मुलांना वाळूत बसवत होते. अकरा मुलं घेऊन मी चिंध्यांच्या पलीकडे गेलो. घोट्याएवढं पाणी होतं. मुलांना ओळीत उभं केलं आणि सगळे फोटोत मावावेत म्हणून मागे मागे येत राहिलो. मागे येताना पाणी मांडीला लागलं. तरी मी फोटो काढला.

उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट भाग होता. बाहेरची लाट उंचवट्यावर फुटत होती, पण पाणी बाजूने, मागून भरत होतं. आवाज नव्हता. मी ओरडायच्या आत मामा माझ्या शेजारून गेले होते. धावत नव्हते. पाण्यात धावता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्या खोलगटाच्या मधोमध छातीएवढ्या पाण्यात ते खांबासारखे उभे राहिले आणि मुलांना एकेक करून बोलवायला लागले. "पळू नका. माज्याकडं बघा. पान्याकडं नाय, माज्याकडं." किनाऱ्याला लागलेल्या एका होडीवरचे दोघेजण धावले. मामांच्या हातातून पोरं त्यांच्या हातात, त्यांच्या हातातून किनाऱ्यावर. दहा आली. अकरावी आरती, सहावीतली, पाय घसरून खाली गेली. मामांनी बुडी मारून तिला वर काढलं, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

आरती वाचली. चार दिवस दवाखान्यात होती. छातीत पाणी गेलं होतं, महिनाभर खोकत होती. तिचे वडील किसनभाऊ शिनोलीचेच. त्यांचं शेत मामांच्या घराला लागून. पडवीत बसून दोघे रोज तंबाखू मळायचे. आरती मामांना 'आज्जा' म्हणायची.

संस्थेने खुलासा मागितला. मी लिहिलं: 'किनाऱ्याची निवड दरवर्षीप्रमाणे शिपाई भागाजी यांनी केली होती.' खाली सही केली. तारीख मी बदलली, पुनवेचा इशारा मला मिळाला होता, मुलांना हद्दीपलीकडे मी नेलं, यातलं काहीही लिहिलं नाही. मुलं घाबरली होती, त्यांना कुणी नीट विचारलं नाही. माझ्या फोनमधला तो फोटोही कुणी मागितला नाही. ते शिपाई, बौद्ध वस्तीतले. मी शिक्षक, बागायतदाराच्या घरातला. बोट कुणाकडे वळेल, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी त्याचा फायदा घेतला. याला दुसरा शब्द नाही.

संस्थेच्या लोकांनी मामांना समोर बोलावून विचारलं, "किनारा तुम्ही निवडलात?" ते म्हणाले, "व्हय. मीच निवडला." मग माझ्याकडे बघत राहिले. मी पेनाचं टोपण लावत होतो.

शिक्षा काही झाली नाही. "मामांचं वय झालं" असं ठरलं, त्यांना ऑफिसच्या मागच्या खोलीत बसवलं आणि पोरांच्या कामातून काढलं. घंटाही दुसरा शिपाई द्यायला लागला. गावात मात्र शिक्षा झाली. किसनभाऊंनी बोलणं टाकलं. चावडीवर कुणीतरी म्हणायचं, "ह्यानंच पोरं बुडवली असती. शिपायाच्या अकलेवर पोरं समुद्रात नेत्यात व्हय!" आरतीला त्या बाजूने जायची बंदी झाली. मग कोरोना आला, शाळा बंद पडली. त्या बंद शाळेतूनच मामा निवृत्त झाले. ना सत्कार, ना नारळ. मी फोन करायचं ठरवलं होतं. केला नाही. नंतर कळलं की त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि वारूळवाडीला मुलीकडे गेले. त्यानंतर ते शिनोलीला एकदाही आले नाहीत. चुलतभावाच्या मातीलासुद्धा.

आता तुम्ही विचाराल, सहा वर्षांनी मी का बोललो. फार मोठं काही घडलं नाही. माझी मुलगी यंदा सहावीत गेली. तिच्या शाळेच्या सहलीचा कागद सहीसाठी माझ्यासमोर आला आणि मला सही करता येईना. दुसऱ्या दिवशी मी वारूळवाडीला गेलो.

मामा ओट्यावर बसून टोमॅटोच्या क्रेटच्या तुटलेल्या कडा तारेने बांधत होते. बरेच वाळले होते. "या सर," म्हणाले. मंगल आत चहा ठेवायला वळली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. साखरपुडा, गाड्यांचं खोटं, खुलाशातलं वाक्य. त्यांनी तार पिरगाळायचं थांबवलं नाही.

"मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "मी तिथंच व्हतो की."

"मामा, तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"तुमी बोलाल म्हनून थांबलो. शिपायानं सरांच्या तोंडावर कसं सांगायचं? आज बोलतील, उद्या बोलतील. मग शाळाच बंद झाली." त्यांनी तार तोडली. "किसनाला सांगितलं का?"

"नाही."

त्यांनी आत बघून हाक दिली, "मंगल, चहा नको ठेवू. सर घाईत हायत."

आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा देतात. मंगल दारात येऊन त्यांच्याकडे बघत राहिली. मी चप्पल घातली.

तिथून सरळ शिनोलीला गेलो. किसनभाऊ गोठ्यात होते. आरती ओसरीत बारावीचं पुस्तक घेऊन बसली होती. मी दोघांच्या समोर सांगितलं. खुलाशाची नक्कल खिशात होती, ती दाखवली. फोटोही दाखवला. किसनभाऊंनी फोटो बराच वेळ पाहिला. आरती वडिलांना म्हणाली, "मी तवाच सांगत व्हते ना दादा. सरच घेऊन गेल्ते आमाला. आज्जा बोलवत व्हता." तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तापात बडबडते म्हणून कुणी ऐकलं नव्हतं.

किसनभाऊ मला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "सहा वरसं, सर. माज्या बांधाला त्याची भिंत लागून व्हती." मग फोन काढला आणि गोठ्याच्या पलीकडे बांधावर जाऊन उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती. काय बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर म्हणाले, "भागाजी येतोय रविवारी. जेवायला." तुम्हीही या, असं ते म्हणाले नाहीत. मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती. संस्थेला आता मी नवा खुलासा दिला आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल.

रविवारी मी मंचरच्या स्टँडवर गेलो. बोलायला नव्हे. नारायणगावहून येणाऱ्याला तिथे गाडी बदलावी लागते, एवढंच. मामा उतरले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, बाहीवर घडीची रेघ दिसत होती. हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी मला पाहिलं. मी दोन पावलं पुढे झालो.

"आला का सर," ते म्हणाले.

"हो. गाडी साडेदहाची आहे, मामा."

"ठाव हाय."

आम्ही दोघं फलाटावर उभे राहिलो, मध्ये दोन हातांचं अंतर. गाडी लागली. गर्दी नव्हती. ते चढले आणि खिडकीशी बसले. खिडकी उघडी होती, पण ते समोर बघत होते. कंडक्टर तरुण पोरगा होता. पांढरे केस बघून म्हणाला, "हाफ ना, आजोबा? कुठं?"

"फुल. पासष्टीला चार म्हयने हायत अजून," मामा म्हणाले. आणि मग गावाचं नाव त्यांनी असं मोठ्याने घेतलं की पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून बघायला लागली.

"शिनोली!"